चार्ल्स टायसन यर्कीज

चार्ल्स टायसन यर्कीज (२५ जून, १८३७ – २९ डिसेंबर, १९०५) हे अमेरिकन वित्तव्यावसायिक व नागरी वाहतूक क्षेत्रातील उद्योजक होते. शिकागो शहरातील ट्रामजाळे आणि उन्नत रेल्वे, तसेच लंडनमधील विजेवर चालणारी भुयारी रेल्वे यांच्या उभारणीत त्यांचा निर्णायक वाटा होता. लंडनच्या आजच्या भुयारी रेल्वेतील बेकरलू व पिकॅडिली हे मार्ग आणि नॉर्दर्न मार्गाचा हॅम्पस्टेडकडे जाणारा भाग त्यांच्या कंपनीने बांधला. मात्र यांपैकी एकाही मार्गावर प्रवासी गाडी धावण्यापूर्वीच त्यांचा मृत्यू झाला.

यर्कीज हे अभियंता नव्हते. कंपन्या ताब्यात घेणे, कर्जरोखे विकणे आणि सार्वजनिक रस्त्यांवर वाहतूक चालविण्याचे मक्ते मिळविणे हे त्यांचे मुख्य कार्य होते. त्यासाठी त्यांनी वापरलेल्या मार्गांमुळे ते हयातीतच वादग्रस्त ठरले. शहराचे रस्ते नागरिकांच्या मालकीचे असताना त्यांवरील वाहतुकीचा लाभ कोणी घ्यावा, आणि एवढ्या खर्चिक कामासाठी लागणारा पैसा कोणी पुरवावा, हे प्रश्न त्यांच्या कारकिर्दीमुळे अमेरिकेत तीव्रतेने पुढे आले.

प्रारंभिक जीवन

यर्कीज यांचा जन्म अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फिया शहरालगतच्या नॉर्दर्न लिबर्टीज या भागात एका क्वेकरपंथीय कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचेही नाव चार्ल्स टायसन यर्कीज असेच होते व ते बँकव्यवसायात होते. चार्ल्स पाच वर्षांचे असताना त्यांच्या आईचे बाळंतरोगाने निधन झाले. त्यानंतर वडिलांनी क्वेकर नसलेल्या स्त्रीशी विवाह केल्यामुळे त्यांना पंथातून काढून टाकण्यात आले.

फिलाडेल्फियाच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये दोन वर्षांचे शिक्षण झाल्यावर वयाच्या १७ व्या वर्षी यर्कीज धान्याच्या एका अडतीवर कारकून म्हणून नोकरीस लागले. १८५९ साली, वयाच्या २२ व्या वर्षी, त्यांनी स्वतःची दलाली पेढी काढली व फिलाडेल्फियाच्या शेअर बाजाराचे सदस्यत्व मिळविले. त्याच वर्षी त्यांचा सुझाना गॅम्बल यांच्याशी विवाह झाला.

फिलाडेल्फियातील उत्कर्ष व तुरुंगवास

१८६५ च्या सुमारास यर्कीज दलालीकडून बँकव्यवसायाकडे वळले. नगरपालिका, राज्य व केंद्र सरकार यांचे कर्जरोखे विकण्यात त्यांनी प्रावीण्य मिळविले. शहराचे खजिनदार जोसेफ मार्सर यांच्यामार्फत शहराच्या पैशाचे व्यवहार त्यांच्याकडे आले. हा सार्वजनिक पैसा यर्कीज यांनी सट्ट्यात गुंतविला. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागो शहराला भीषण आग लागली. तिच्या वार्तेने पूर्वेकडील शेअर बाजारांतही घबराट पसरली व भाव कोसळले. शहराने मागितलेली रक्कम यर्कीज परत करू शकले नाहीत.

त्यांच्यावर चोरीचा खटला चालून त्यांना ३३ महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली व त्यांची रवानगी फिलाडेल्फियाच्या ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी या तुरुंगात झाली. राजकीय हालचालींनंतर सुमारे सात महिन्यांनी त्यांना माफी मिळाली. १८७३ साली जे कूक अँड कंपनी ही मोठी पेढी बुडाली आणि बाजार पुन्हा कोसळला. या वेळी मात्र यर्कीज यांनी घसरणीवर पैसा लावला होता. या व्यवहारातून त्यांनी आपली गेलेली संपत्ती पुन्हा मिळविली.

१८८१ साली त्यांनी डाकोटा प्रदेशातील फार्गो येथे जाऊन पहिल्या पत्नीपासून घटस्फोट घेतला व त्याच वर्षी मेरी अ‍ॅडलेड मूर यांच्याशी विवाह केला. त्यानंतर ते शिकागोत स्थायिक झाले.

शिकागोतील ट्रामव्यवसाय

पार्श्वभूमी

१८८० साली सुमारे पाच लाख असलेली शिकागोची लोकसंख्या १८९० पर्यंत अकरा लाखांच्या घरात गेली. शहर पसरत होते, परंतु कामधंदा शहराच्या मध्यभागीच एकवटला होता. बहुसंख्य नागरिक घोड्यांच्या ट्रामने ये-जा करीत. घोड्यांची ट्राम मंदगती होती. एका गाडीसाठी दिवसभरात घोड्यांच्या अनेक जोड्या बदलाव्या लागत. तबेले, दाणावैरण व साथीचे रोग यांचा खर्च मोठा असे. शिवाय शिकागो नदीच्या दोन शाखांनी शहराचे तीन भाग झाले होते. नदीवरील फिरते पूल जहाजांसाठी वारंवार उघडावे लागत व तेवढा वेळ रस्त्यावरील सर्व वाहतूक खोळंबे.

केबल ट्राम व नदीखालील बोगदे

१८८६ साली यर्कीज यांनी पीटर वाइडनर व विल्यम एल्किन्स या फिलाडेल्फियातील भांडवलदारांच्या पाठबळावर शिकागोच्या उत्तर भागातील ट्राम कंपनी ताब्यात घेतली. पुढे पश्चिम भागातील कंपनीही त्यांच्याकडे आली. दक्षिण भागातील ट्राम मात्र शिकागो सिटी रेल्वे या स्वतंत्र कंपनीकडेच राहिल्या.

यर्कीज यांनी आपल्या मुख्य मार्गांवर घोड्यांच्या जागी केबल ट्राम आणली. या पद्धतीत रस्त्याखालील चरातून पोलादी दोर अखंड फिरत असतो. वाफेवर चालणारी इंजिने एका केंद्रातून तो ओढत असतात. गाडीखालचा चिमटा दोराला धरला की गाडी चालू लागते व सोडला की ब्रेक लावून ती थांबविता येते. ही पद्धत सॅन फ्रान्सिस्को येथे १८७३ पासून व शिकागोच्या दक्षिण भागात १८८२ पासून वापरात होती.

उत्तर व पश्चिम भागांत ती आणताना नदी आड येत होती, कारण उघडझाप करणाऱ्या पुलावरून अखंड दोर नेता येत नाही. वॉशिंग्टन स्ट्रीट (१८६९) व लासाल स्ट्रीट (१८७१) येथे नदीखालून घोडागाड्या व पादचारी यांच्यासाठी बांधलेले दोन बोगदे उपेक्षित अवस्थेत पडून होते. यर्कीज यांनी शहराकडून त्यांच्या वापराची परवानगी मिळविली व त्यांतून केबल ट्राम नेल्या. १८९४ साली व्हॅन ब्यूरन स्ट्रीटजवळ तिसरा बोगदा त्यांच्या कंपनीने स्वतः बांधला. १८९० च्या दशकात बाहेरच्या मार्गांवर विजेच्या ट्राम धावू लागल्या.

भांडवल उभारणी

यर्कीज यांची वित्तपद्धती साधारणपणे अशी होती. जुनी कंपनी विकत न घेता तिच्या समभागांचे बहुमत मिळवायचे. त्यानंतर नवी कंपनी स्थापून जुनीचा सर्व कारभार दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने नव्या कंपनीकडे घ्यायचा. जुन्या भागधारकांना ठरावीक लाभांशाची हमी द्यायची. सुधारणांसाठी लागणारा पैसा नव्या कंपनीचे कर्जरोखे विकून उभा करायचा. बांधकामाचे काम स्वतःच्या वर्तुळातील कंत्राटदार कंपनीला द्यायचे आणि तिचा मोबदला रोखे व समभाग यांच्या रूपाने चुकता करायचा. यामुळे प्रत्यक्ष झालेल्या खर्चापेक्षा कागदावरील भांडवल बरेच फुगत असे. या फुगलेल्या भांडवलावरील व्याज व लाभांश शेवटी प्रवाशांच्या पाच सेंट भाड्यातूनच निघावयाचे होते.

याचा परिणाम सेवेवर झाला. गाड्यांत खच्चून गर्दी असे, डबे थंड व अस्वच्छ असत आणि केबल तुटल्यास संपूर्ण मार्ग बंद पडे. प्रवाशांच्या तक्रारींविषयी यर्कीज उदासीन असल्याची भावना शहरात दृढ झाली. दुसरीकडे, त्यांच्या काळात ट्रामचे जाळे विस्तारले, प्रवासाचा वेग वाढला आणि शहराच्या कडेच्या वस्त्या मध्यभागाशी जोडल्या गेल्या, हेही तितकेच खरे आहे.

उन्नत रेल्वे व ‘लूप’

१८९२ पासून शिकागोत रस्त्यांवर पोलादी खांब उभारून त्यांवरून उन्नत रेल्वे धावू लागली. वेगवेगळ्या कंपन्यांचे मार्ग शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागाच्या कडेपर्यंत येऊन थांबत व प्रवाशांना उरलेले अंतर पायी किंवा ट्रामने काटावे लागे. सर्वांना उपयोगी पडेल असा एक सामाईक चौकोनी मार्ग मध्यभागी बांधणे आवश्यक होते. परंतु कायद्यानुसार अशा मार्गासाठी रस्त्यालगतच्या बहुसंख्य मालमत्ताधारकांची लेखी संमती लागे. दुकानांसमोर अंधार व गोंगाट होईल या भीतीने अनेक मालक विरोधात होते.

यर्कीज यांनी चौकोनाच्या बाजूंसाठी निरनिराळ्या कंपन्यांच्या नावे परवानग्या मिळविल्या. व्हॅन ब्यूरन स्ट्रीटवरील बाजूसाठी पुरेशा संमती मिळेनात, तेव्हा त्यांनी तो मार्ग नदीपलीकडे पश्चिमेस लांबवून दाखविला. तेथील मालकांच्या संमती मिळवून त्यांनी एकूण बहुमत सिद्ध केले. पश्चिमेचा तो भाग नंतर बांधण्यातच आला नाही. अशा रीतीने १८९७ साली लेक, वाबाश, व्हॅन ब्यूरन व वेल्स या चार रस्त्यांवरून जाणारा ‘युनियन लूप’ पूर्ण झाला. आज शिकागोच्या मध्यवर्ती भागालाच ‘लूप’ म्हटले जाते आणि हा मार्ग अद्यापही वापरात आहे. शहराच्या उत्तरेकडे जाणारी नॉर्थवेस्टर्न उन्नत रेल्वेही यर्कीज यांनीच सुरू केलेला प्रकल्प होता. ती १९०० साली वाहतुकीस खुली झाली.

याच सुमारास शिकागोच्या दक्षिण भागातील उन्नत रेल्वेवर अभियंते फ्रँक स्प्रेग यांनी बहुएकक पद्धत यशस्वी करून दाखविली. तीत वेगळे इंजिन न लावता अनेक डब्यांखाली विद्युत मोटारी बसवितात आणि एकच चालक पुढच्या डब्यातून त्या सर्वांचे नियंत्रण करतो. लंडनमधील यर्कीज यांच्या गाड्या पुढे याच पद्धतीवर धावल्या.

मक्त्यांचा संघर्ष

शिकागोतील ट्राम कंपन्यांना रस्ते वापरण्याचे मक्ते शहराने १८८३ साली २० वर्षांसाठी नूतन करून दिले होते. त्यामुळे त्यांपैकी बहुतेकांची मुदत १९०३ मध्ये संपणार होती. मुदत संपल्यानंतर कंपनीचा रस्त्यावरील हक्कच राहणार नसेल, तर त्यापुढील काळात परतफेड होणारे कर्जरोखे गुंतवणूकदार घेण्यास तयार होत नसत. नवे मार्ग व विद्युतीकरण यांना लागणारे भांडवल दीर्घ मुदतीच्या कर्जावर अवलंबून असल्याने, मक्त्याला मुदतवाढ मिळविणे ही यर्कीज यांच्या दृष्टीने व्यवसायाच्या अस्तित्वाची बाब होती. नागरिकांच्या दृष्टीने मात्र मक्त्याची मुदत संपणे ही कंपनीला अटी घालण्याची एकमेव संधी होती.

१८९५ साली इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने यर्कीज यांना अनुकूल अशी विधेयके संमत केली. परंतु राज्यपाल जॉन पीटर आल्टगेल्ड यांनी ती नकाराधिकार वापरून फेटाळली. १८९७ मध्ये मक्ते ५० वर्षांपर्यंत वाढविणारी हम्फ्री विधेयके आली. शिकागोतून तीव्र विरोध झाल्याने ती बारगळली. त्याच वर्षी तडजोड म्हणून संमत झालेल्या अ‍ॅलन कायद्याने ५० वर्षांपर्यंतचा मक्ता देण्याचा अधिकार नगरपरिषदांना दिला. या काळात विधिमंडळातील व नगरपरिषदेतील सदस्यांना यर्कीज यांच्याकडून लाच दिली जाते, असे आरोप उघडपणे होत होते. शहरातील बहुतेक वृत्तपत्रे त्यांच्या विरोधात होती. १८९७ साली त्यांनी ‘इंटर ओशन’ हे दैनिक स्वतःच विकत घेतले.

विरोधकांचे नेतृत्व महापौर कार्टर हॅरिसन (कनिष्ठ) व नगरसेवकांच्या कारभारावर लक्ष ठेवण्यासाठी १८९६ साली स्थापन झालेली म्युनिसिपल व्होटर्स लीग ही नागरी संघटना यांच्याकडे होते. डिसेंबर १८९८ मध्ये मुदतवाढीचा प्रस्ताव नगरपरिषदेपुढे आला. त्या वेळी संतप्त नागरिकांनी सभागृहावर गर्दी केली व काहींनी नगरसेवकांना दाखविण्यासाठी फाशीचे दोर सोबत आणले होते. परिषदेने प्रस्ताव हाणून पाडला. १८९९ साली अ‍ॅलन कायदाही रद्द झाला. यर्कीज यांनी शिकागोतील आपली बहुतेक गुंतवणूक विकली व ते न्यूयॉर्कला गेले.

यर्कीज वेधशाळा

१८९२ साली शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर व तरुण खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेल यांनी मोठ्या दुर्बिणीसाठी यर्कीज यांच्याकडे मदत मागितली. आपली घसरलेली प्रतिष्ठा सावरण्याची ही संधी आहे, हे ओळखून त्यांनी देणगीस संमती दिली, असे सामान्यतः मानले जाते. विस्कॉन्सिन राज्यातील विल्यम्स बे येथे १८९७ साली वेधशाळेचे उद्घाटन झाले. तेथील ४० इंच व्यासाच्या भिंगाची दुर्बीण ही खगोलीय संशोधनासाठी यशस्वीपणे वापरली गेलेली सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण होय. भारतीय वंशाचे खगोलभौतिकशास्त्रज्ञ व नोबेल पारितोषिक विजेते सुब्रह्मण्यम चंद्रशेखर १९३७ साली या वेधशाळेत रुजू झाले व त्यांनी अनेक वर्षे तेथे काम केले.

लंडन

शतकाच्या वळणावरील परिस्थिती

लंडनमध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वे १८६३ पासून व डिस्ट्रिक्ट रेल्वे १८६८ पासून रस्त्याखालून धावत होती. परंतु त्यांच्या गाड्या वाफेच्या इंजिनांवर चालत व बोगदे धुराने भरून जात. १८९० साली सिटी अँड साउथ लंडन ही खोल बोगद्यातील पहिली विद्युत रेल्वे सुरू झाली. जुलै १९०० मध्ये सेंट्रल लंडन रेल्वे खुली झाली. दोन पेनी या सरसकट भाड्यामुळे ती लगेच लोकप्रिय ठरली. तिच्या यशामुळे भुयारी रेल्वेच्या अनेक योजना पुढे आल्या. प्रत्येक मार्गासाठी ब्रिटिश संसदेचा स्वतंत्र कायदा लागे. बांधकामाला सरकारी अनुदान नव्हते, सर्व पैसा खासगी गुंतवणूकदारांकडूनच उभारावा लागे. परिणामी संसदेची परवानगी आहे पण भांडवल नाही, अशा कंपन्या लंडनमध्ये अनेक होत्या.

कंपन्यांची खरेदी

यर्कीज यांनी प्रथम १९०० साली चेरिंग क्रॉस, यूस्टन अँड हॅम्पस्टेड रेल्वे ही कंपनी १ लाख पौंडांना घेतली. या कंपनीकडे १८९३ पासून परवानगी होती, पण बांधकाम रखडले होते. मार्च १९०१ पर्यंत त्यांनी डिस्ट्रिक्ट रेल्वेवर नियंत्रण मिळविले. त्याच वर्षी ब्रॉम्प्टन अँड पिकॅडिली सर्कस आणि ग्रेट नॉर्दर्न अँड स्ट्रँड या दोन नियोजित रेल्वे त्यांच्याकडे आल्या. पुढे त्या जोडून आजचा पिकॅडिली मार्ग तयार झाला. बेकर स्ट्रीट अँड वॉटर्लू रेल्वेचे काम १८९८ मध्ये सुरू झाले होते. तिचे प्रवर्तक व्हिटेकर राइट यांची कंपनी १९०० च्या अखेरीस बुडाली व ते काम थांबले. मार्च १९०२ मध्ये यर्कीज यांनी ती ३ लाख ६० हजार पौंडांना घेतली. हाच आजचा बेकरलू मार्ग होय.

हॅम्पस्टेडचा मार्ग त्यांनी टेकडीपलीकडे गोल्डर्स ग्रीन येथील शेतजमिनीपर्यंत वाढवून घेतला. तेथे त्या वेळी वस्ती फारशी नव्हती. रेल्वे आली की वस्ती होईल व वस्ती झाली की प्रवासी मिळतील, हा त्यामागील हिशेब होता. बोगद्यामुळे हॅम्पस्टेड हीथ या सार्वजनिक माळरानातील पाणी झिरपून झाडे वाळतील, अशी भीती स्थानिकांनी व्यक्त केली. बोगदा फार खोलवरून जाणार असल्याने संसदेने अखेर परवानगी दिली. रेल्वे सुरू झाल्यावर गोल्डर्स ग्रीन हे काही वर्षांतच गजबजलेले उपनगर बनले.

विद्युतीकरणाचा वाद

लंडनच्या मध्यभागाला वळसा घालणारा वर्तुळाकार मार्ग डिस्ट्रिक्ट व मेट्रोपॉलिटन या दोन कंपन्यांचा सामाईक होता. त्यामुळे दोघींनी एकच विद्युतपद्धती स्वीकारणे आवश्यक होते. बुडापेस्टच्या गांझ कंपनीची तीन-फेज प्रत्यावर्ती प्रवाहाची, डोक्यावरील तारांमधून वीज घेणारी पद्धत पसंत करण्यात आली होती. यर्कीज यांनी तिला विरोध केला. अमेरिकेत रुळलेली, जमिनीलगतच्या विद्युतरुळांतून दिष्ट प्रवाह घेणारी पद्धतच वापरावी, असा त्यांचा आग्रह होता. मेट्रोपॉलिटन कंपनी मान्य करीना, तेव्हा प्रकरण लवादाकडे गेले. लवाद आल्फ्रेड लिटल्टन यांनी १९०१ च्या अखेरीस दिष्ट प्रवाहाच्या बाजूने निर्णय दिला. लंडनच्या भुयारी रेल्वेत आजही दिष्ट प्रवाह व विद्युतरूळ यांचाच वापर होतो.

वीजपुरवठ्यासाठी चेल्सी भागात थेम्स नदीकाठी लॉट्स रोड वीजनिर्मिती केंद्र बांधण्यात आले. तेथे कोळसा नदीमार्गे होड्यांतून येत असे. १९०५ साली केंद्र सुरू झाले व त्याच वर्षी डिस्ट्रिक्ट रेल्वे आणि वर्तुळाकार मार्ग यांवरील प्रवासी गाड्या विजेवर धावू लागल्या. हे केंद्र २००२ पर्यंत कार्यरत होते.

मॉर्गन यांच्याशी स्पर्धा

१९०२ साली अमेरिकेतील प्रख्यात बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या गटाने लंडनमध्ये प्रतिस्पर्धी भुयारी रेल्वेची योजना संसदेपुढे आणली. तिच्या पश्चिमेकडील भागाची जबाबदारी लंडन युनायटेड ट्रामवेज या कंपनीकडे होती. योजनेवर विचार चालू असतानाच यर्कीज यांचे भागीदार स्पेयर यांनी या ट्राम कंपनीचे बहुसंख्य समभाग विकत घेतले. ट्राम कंपनीने माघार घेतली. उरलेली योजना अपुरी ठरून फेटाळली गेली. या प्रकारावर संसदेत तीव्र टीका झाली, परंतु व्यवहार कायद्याच्या चौकटीत होता.

निधीउभारणी

एप्रिल १९०२ मध्ये सर्व प्रकल्प एकत्र आणून अंडरग्राउंड इलेक्ट्रिक रेल्वेज कंपनी ऑफ लंडन स्थापन करण्यात आली. यर्कीज तिचे अध्यक्ष झाले. आरंभीचे भांडवल ५० लाख पौंड होते. लंडनची स्पेयर ब्रदर्स, न्यूयॉर्कची स्पेयर अँड कंपनी व बॉस्टनची ओल्ड कॉलनी ट्रस्ट कंपनी या संस्थांचे तिला पाठबळ होते. समभागांचा मोठा भाग ब्रिटनबाहेर विकला गेला. पुढे नफ्यात वाटा देणारे व १९०८ मध्ये परतफेड करावयाचे ७० लाख पौंडांचे कर्जरोखे काढण्यात आले. १९०३ पर्यंत एकूण १ कोटी ८० लाख पौंड उभे राहिले होते.

ही सर्व रचना प्रवाशांच्या अपेक्षित संख्येवर उभी होती. गाड्या भरून धावल्या तरच नफा होणार होता व नफा झाला तरच कर्जरोखे फेडता येणार होते.

स्थानके व गाड्या

तिन्ही नव्या मार्गांची स्थानके वास्तुविशारद लेस्ली ग्रीन यांनी आखली. गडद तांबड्या चकचकीत मृत्तिकाफलकांनी मढविलेल्या या दुमजली इमारती लंडनमध्ये आजही ओळखू येतात. त्यांचा सांगाडा पोलादी असून छत सपाट ठेवले होते, जेणेकरून वर कार्यालयांचे मजले चढवून उत्पन्न मिळविता यावे. फलाटांवरील रंगीत फरशांची नक्षी प्रत्येक स्थानकात वेगळी ठेवण्यात आली. प्रवाशांना खाली नेण्यासाठी विजेच्या लिफ्ट होत्या.

ऑगस्ट १९०३ मध्ये पॅरिसच्या मेट्रोत आग लागून ८४ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर भुयारी गाड्यांच्या डब्यांत लाकडाऐवजी पोलाद वापरण्यावर भर देण्यात आला. बेकरलू व हॅम्पस्टेड मार्गांचे डबे अमेरिकेत तयार झाले, तर पिकॅडिली मार्गाचे फ्रान्स व हंगेरीत. डब्यांच्या दोन्ही टोकांना जाळीचे दरवाजे असत व ते उघडण्या-लावण्यासाठी गाडीवर स्वतंत्र कर्मचारी नेमलेले असत.

मृत्यू

१९०५ च्या उत्तरार्धात यर्कीज यांचा मूत्रपिंडाचा विकार बळावला. २९ डिसेंबर, १९०५ रोजी न्यूयॉर्कमधील वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ब्रुकलिनमधील ग्रीन-वुड दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. ते अतिशय श्रीमंत असल्याचा समज होता, परंतु त्यांच्या मालमत्तेवर कर्जाचा मोठा बोजा असल्याचे मृत्यूनंतर उघड झाले. त्यांच्या न्यूयॉर्कमधील प्रासादातील चित्रांचा संग्रह १९१० साली लिलावात विकला गेला.

मृत्यूनंतरच्या घडामोडी

लंडन

कंपनीचे अध्यक्षपद एडगर स्पेयर यांच्याकडे आले. बेकरलू मार्ग १० मार्च, १९०६ रोजी, पिकॅडिली मार्ग १५ डिसेंबर, १९०६ रोजी व हॅम्पस्टेड मार्ग २२ जून, १९०७ रोजी सुरू झाला. प्रवाशांचे अंदाज मात्र साफ चुकले. पहिल्या वर्षी बेकरलू मार्गावर ३.५ कोटी प्रवासी अपेक्षित होते, प्रत्यक्षात सुमारे २.०५ कोटी आले. पिकॅडिली मार्गावर ६ कोटींच्या जागी २.६ कोटी व हॅम्पस्टेड मार्गावर ५ कोटींच्या जागी २.५ कोटी प्रवासी मिळाले. ट्राम व मोटारबसची स्पर्धाही वाढली होती.

१९०८ मध्ये ७० लाख पौंडांच्या रोख्यांची मुदत भरली, तेव्हा कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. स्पेयर यांनी जुन्या रोख्यांच्या बदल्यात दीर्घ मुदतीचे नवे रोखे देऊन ती वाचविली. आल्बर्ट स्टॅन्ली (पुढे लॉर्ड अ‍ॅशफील्ड) यांच्या व्यवस्थापनाखाली कारभार सावरला. १९१२ साली कंपनीने लंडनमधील सर्वांत मोठी बस कंपनी विकत घेतली. त्यानंतर बसच्या नफ्यातून भुयारी रेल्वेला आधार मिळू लागला. १९३३ साली रेल्वे, ट्राम व बस यांचा कारभार लंडन पॅसेंजर ट्रान्सपोर्ट बोर्ड या सार्वजनिक मंडळाकडे गेला.

शिकागो

यर्कीज यांच्या शिकागोतील ट्राम ज्या कंपनीकडे गेल्या, ती १९०३ मध्ये कर्जाच्या भाराखाली कोलमडली व तिच्यावर न्यायालयाने व्यवस्थापक नेमले. १९०७ साली झालेल्या नव्या करारांनुसार ट्राम कंपन्यांच्या निव्वळ उत्पन्नातील ५५ टक्के वाटा शहराला देण्याचे ठरले. १९४७ साली ट्राम व उन्नत रेल्वे शिकागो ट्रान्झिट अथॉरिटी या सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात आल्या.

मूल्यमापन

यर्कीज यांच्याविषयी दोन टोकांची मते आढळतात. शिकागोत त्यांची प्रतिमा नगरसेवकांना विकत घेणारा आणि प्रवाशांना केवळ उत्पन्नाचे साधन समजणारा भांडवलदार अशी राहिली. लंडनमध्ये मात्र, रखडलेल्या योजनांना पैसा व गती देणारा धाडसी प्रवर्तक म्हणून त्यांची गणना होते. या फरकाचे एक कारण दोन शहरांच्या व्यवस्थेत सापडते. शिकागोत मक्ता नगरपरिषदेच्या हाती होता व त्यामुळे थोड्या व्यक्तींना वश करणे फायद्याचे ठरे. लंडनमध्ये प्रत्येक योजनेची संसदेच्या समितीपुढे उघड सुनावणी होत असे आणि विरोधकांनाही तेथे बाजू मांडता येई. तेथे यर्कीज यांना नागरिकांच्या क्षोभाला फारसे तोंड द्यावे लागले नाही. तोटा प्रामुख्याने गुंतवणूकदारांनी सोसला व बोगदे शहराला कायमचे मिळाले.

शिकागोतील त्यांचा पराभव हा अमेरिकेतील नागरी सुधारणा चळवळीतील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. रस्त्यांचे मक्ते किती मुदतीसाठी व कोणत्या अटींवर द्यावेत, त्यातून शहराला काय मिळावे आणि वाहतूक खासगी असावी की सार्वजनिक, यांवर त्यानंतर अनेक शहरांत चर्चा झाली. लंडनचा अनुभव दुसरी बाजू दाखवितो. केवळ तिकिटाच्या उत्पन्नातून भुयारी रेल्वेच्या बांधकामाचा खर्च भरून निघणे अवघड असते, हे तेथे १९०८ सालीच स्पष्ट झाले.

साहित्यात व स्मृतिस्थळे

अमेरिकन कादंबरीकार थिओडोर ड्रायझर यांनी यर्कीज यांच्या जीवनावर आधारित तीन कादंबऱ्या लिहिल्या: ‘द फायनान्शियर’ (१९१२), ‘द टायटन’ (१९१४) व लेखकाच्या मृत्यूनंतर प्रकाशित झालेली ‘द स्टोइक’ (१९४७). त्यांचा नायक फ्रँक काउपरवुड हे यर्कीज यांचेच कल्पित रूप आहे.

चंद्रावरील एका विवराला यर्कीज यांचे नाव आहे. विल्यम्स बे येथील वेधशाळाही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. शिकागो विद्यापीठाने २०१८ साली तेथील काम थांबविले आणि २०२० साली ती वास्तू एका स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे सोपविण्यात आली.